कुंदाताईंना दिसलं ते

१२ जानेवारी, रविवार

जवळजवळ वर्षभर इथे काही लिहिलं नाही, माफ करा. आज लिहिणं भाग आहे.

कुंदाताई आज पहाटे गेल्या. त्यांचा कथकचा क्लास माझ्यामुळे बंद पडला होता.

हे आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आता आईही नाही.

साल पंच्याण्णवच्या आसपास. मी पाचवीत. इंदिरानगरला ताईंच्या घरी, पुढच्या खोलीत क्लास भरायचा. दसऱ्याला नाव घातलं आणि पहिल्या दिवसापासून ताईंची धास्ती बसली.

हातात लाकडी पट्टी. पाय चुकला की घोट्यावर.

"हा पायाचा आवाज आहे की दप्तर आपटल्याचा?" असं विचारायच्या. आम्ही हसलो की पुन्हा पहिल्यापासून.

पहिले तीन महिने फक्त तत्कार. ता थेई थेई तत्. एका जागी उभं राहून सोळा मात्रा पायांनी वाजवायच्या. सुरुवात उजव्या पायाने.

मी डाव्याने करत होते.

ताई आमच्याकडे तोंड करून दाखवायच्या आणि मी आरशात बघावं तसं उचललं होतं. मागच्या रांगेत असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

कळलं ते वैशालीला. ती दहावीतली, क्लासमधली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगली. म्हणाली, "ए येडे, डाव्याने काय सुरू करतेस? ताईंनी बघितलं तर घोटा सुजवतील."

दुसऱ्याच दिवशी ताईंनी मला एकटीला पुढे घेतलं. त्या माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. मी घाबरले आणि नेमका डावा पडला.

पट्टीची वाट बघत सोळाच्या सोळा मात्रा पूर्ण केल्या.

"छान," ताई म्हणाल्या. "उजवा पक्का पडतोय आता."

त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

पुढच्या वेळी मी मुद्दाम डाव्याने सुरुवात केली. हे लिहिताना आजही लाज वाटते. ताई पुन्हा छान म्हणाल्या.

मार चुकला म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे रविवार आला.

कारण दर रविवारी ताई मला लूनावर मागे बसवून नाशिक रोडला न्यायच्या. तबल्याचे सर तिथे राहायचे. परीक्षेआधी तबल्यावर नाचायची सवय व्हावी म्हणून.

वाटेत आमचा एक खेळ असायचा. "डावीकडून काय येतंय, उजवीकडून काय येतंय, सांग बघू. नाचणाऱ्याची नजर चौफेर हवी."

मी मोठ्या ऐटीत सांगायचे. ट्रॅक्टर. एस.टी. सायकलवाला.

त्या रविवारी द्वारकेच्या चौकात ताईंनी तेच विचारलं, आणि मला कळलं की हा खेळ नाही.

तेव्हा तिथे उड्डाणपूल नव्हता. दोन हायवे एकमेकांना छेदायचे, चारही बाजूंनी ट्रक. मी ताईंची कंबर दोन्ही हातांनी आवळून ओरडून सांगत होते.

"अगं, कानात काय बोंबलतेस," त्या हसल्या.

दोन तासांनी परत तोच चौक.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईने ताईंना काही विचारलं नाही. शेजारच्या दोन काकूंना मात्र सांगितलं. होळीपर्यंत क्लासला तीन मुली उरल्या. मग त्याही गेल्या.

ताईंना काचबिंदू होता हे पुष्कळ नंतर कळलं. समोरचं दिसायचं. कडेचं आणि खालचं दिसणं बंद होत चाललं होतं.

सांगितलं ते चुकलं का? हजारदा विचारलंय स्वतःला. नाही चुकलं. एखाद्या रविवारी आम्ही दोघी त्या चौकात ट्रकखाली गेलो असतो.

पण क्लास सुटला तर पट्टीही सुटेल, असं तेव्हा कुठेतरी वाटलं होतं का? बहुतेक हो.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते.

मे महिन्यात भाजीबाजारात ताई भेटल्या. आई पुढे गवार निवडत होती. ताईंनी माझं मनगट धरलं आणि अगदी जवळ आल्या.

"माझ्याबद्दल कुणी सांगितलं गं? वैशालीने ना?"

मी किंचित मान हलवली. हो म्हणून.

वाटलं, यांना कुठे दिसणार आहे. म्हणजे उत्तर दिल्यासारखं होईल आणि खोटं बोलल्यासारखं होणार नाही. दहा वर्षांच्या डोक्याने केलेला हिशोब.

त्यांना दिसलं.

"वाटलंच मला," म्हणाल्या. मनगट सोडलं आणि गेल्या.

त्या दिवसापासून ताई वैशालीशी बोलल्या नाहीत. ती दोनदा त्यांच्या दारातून परत आली. पुढे तिने नाचणंच सोडलं. त्याचं कारणही हेच होतं का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

आज दुपारी स्मशानात वैशाली भेटली. केस पिकलेत. म्हणाली, "माझं काय चुकलं होतं, एकदा तरी सांगायला हवं होतं गं त्यांनी."

मी तिच्या शेजारी उभी होते. चाळिशी उलटली, पोरगी कॉलेजला जाईल आता, तरी तेव्हासारखंच टाळलं. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले. किल्ली लागेना.

वैशाली फेसबुकवर नाही. पण तुमच्यातले काही जण तिला ओळखतात. म्हणूनच इथे लिहितेय. आता मला टाळता येणार नाही.

ती काय म्हणेल, माहीत नाही. दार लावून घेईल, किंवा काहीच बोलणार नाही. मला त्या न बोलण्याची जास्त भीती वाटते.

ताई, शेवटचा नमस्कार. तुमची माफी मागायला उशीर झाला.

उद्या: ऑफिसच्या आधी वैशालीच्या घरी जायचं.