पान अठ्ठ्याऐंशी कुणी उघडलं?

आमच्या ठाकूरद्वारच्या ऑफिसात किस्से माळ्यावरच्या जुन्या अंकांसारखे साठतात. टाकवत नाहीत आणि जागा खातात! ऑफिस म्हणजे दोन खोल्या. तिथून मुंबईच्या सामाजिक इतिहासाचं एक त्रैमासिक निघतं. संपादक डिमेलो सर, खोताच्या वाडीतले. संदर्भ तपासणारा परब, लालबागचा. प्रुफं बघणारी मी. सरांचा नियम एकच: लेखकाने दिलेलं पुस्तक मिळवायचं, ते पान उघडायचं, मगच लेख छापायचा.

त्या वर्षी आमचं काही खरं नव्हतं. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी नव्याने होणार होती आणि आमच्या लेखांचे संदर्भ बाहेर कुणी फारसे देत नव्हतं. यादीतून नाव गेलं की प्राध्यापक लेख पाठवणार नाहीत, म्हणजे अंक बंद. मला त्याची फार धास्ती होती.

*

एका प्राध्यापकांच्या लेखाला बावीस संदर्भ. त्यातले एकोणीस स्वतःचेच! सरांनी फोन लावला. "लेख पाठवलाय की बायोडेटा?"

"सर, या विषयावर दुसऱ्या कुणी लिहिलंच नाहीये."

परब मागून ओरडला, "अहो, तुमच्या गाइडनेच लिहिलंय की!"

फोन कट.

*

एका तरुण मॅडमनी परळच्या चाळींवरच्या एका पुस्तकाचा हवाला दिला होता. परब तीन लायब्रऱ्या पालथ्या घालून आला. मॅडम म्हणाल्या, "फार रेअर आहे हो ते." चौथ्या फोनला कबूल झाल्या की संदर्भांची यादी एआयकडून करून घेतली होती.

परब घाम पुसत म्हणाला, "रेअर कसलं! ते लिहायचंच बाकी आहे!"

*

लेख छापण्याआधी आम्ही तो एखाद्या जाणकाराकडे तपासायला पाठवतो. त्याचं नाव लेखकाला सांगत नाही. अशा एका परीक्षकाने कळवलं, लेख चांगला आहे, फक्त पुढच्या चार लेखांचे संदर्भ घाला. चारही लेख त्याचेच! लेखिकेने नाव लगेच ओळखलं आणि साहेब आमच्यावर उखडले. "माझं नाव गुप्त राहायला हवं होतं!"

सर शांतपणे म्हणाले, "आम्ही कुठे फोडलं? तुम्हीच चार ठिकाणी सही केलीत."

*

यादीची तारीख जवळ आली तेव्हा एका हितचिंतकाने उपाय सुचवला. प्रत्येक नव्या लेखकाला सांगायचं, आमच्या जुन्या अंकांतले दोन संदर्भ घाला, आकडा आपोआप वाढेल. खोटं कशाला बोलू, मला पटलं होतं.

सर म्हणाले, "मग त्या परीक्षकात आणि आपल्यात फरक काय गं?"

मी प्रुफं पुढे ओढली. राग मात्र आला होता.

*

आता शेवटचा. आमच्या अंकातला एकच लेख बाहेर थोडाफार चालायचा. गिरणगावातल्या खानावळींवरचा, सरांनी तरुणपणी लिहिलेला. त्यात एका जुन्या पुस्तकाच्या पान अठ्ठ्याऐंशीचा आधार होता. परबला ते पुस्तक फणसवाडीत एकांच्या घरी मिळालं. दुपारी आला आणि सरांपुढे उघडून ठेवलं.

"सर, हय खानावळ खंय आसा?"

त्या पानावर ट्रामच्या घोड्यांच्या तबेल्यांची माहिती होती. खानावळ पुस्तकात कुठेच नव्हती.

सरांनी मागची-पुढची पानंही उलटून बघितली. मग म्हणाले, "मी दुसऱ्या कुणाच्या तळटीपेवरून उतरवलं होतं. उघडून बघितलं नव्हतं."

मी विनवलं, "सर, यादी होऊ दे, मग दुरुस्ती छापा." त्यांनी त्याच अंकात पहिल्या पानावर चूक कबूल केली. मला वाटलं, संपलं सगळं.

यादी लांबत लांबत पुढच्या वर्षी लागली. आमचं नाव होतं! सोबतच्या पत्रात कौतुकही होतं, आमच्या एका मजकुराचे संदर्भ वर्षभरात अकरा जणांनी दिले होते. परबने अकराही लेख मिळवले. सगळ्यांनी सरांच्या त्या कबुलीनाम्याचाच संदर्भ दिला होता. कशाला? तर पान अठ्ठ्याऐंशीवर खानावळी आहेत याला आधार म्हणून!

परब हसून हसून बेजार झाला. सर हसले नाहीत. म्हणाले, "अकरा जणांना पत्र लिहा. स्पष्ट सांगा, त्या पानावर घोडे आहेत."

मी म्हटलं, "आकडा परत खाली येईल, सर."

"लिहा."

पत्रं गेली. उत्तर एकाच प्राध्यापकांचं आलं: "आदरणीय सर, बहुमोल माहितीबद्दल आभार. खानावळींवरच्या माझ्या पुढच्या लेखात आपल्या या पत्राचाही संदर्भ देत आहे!"