घासलेली अक्षरं

माधव गेल्याचं पोस्टकार्ड फुलचूरच्या माझ्या दवाखान्यात आलं, तेव्हा समोर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मी कार्ड वाचलं, उलटं ठेवलं आणि लेकराचा कान तपासला. सात वर्षं आमचं बोलणं नव्हतं. रडू आलं नाही, राग आला. भांडण अर्धवट टाकून निघून गेला गडी... आज महिना झाला. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मलाही कळतं, पण राग आहे तो आहे.

आम्ही दोघं दवनीवाड्याचे. धानाच्या बांध्या एकमेकींना लागून, आणि नागपूरला डॉक्टरी शिकताना खोलीही एकच. माधवला हात धुण्याचं भारी वेड. मी जेवायला बसलो की हा मोरीत जाऊन साबण पाहून यायचा. ‘‘धुतले म्हणतोस, अन् साबण कोरडा काऊन?’’ पुढे तो नावाजलेला सर्जन झाला. नव्या डॉक्टरांना पास झाल्यावर वर्षभर मान्यता असलेल्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून काम करावं लागे. कोणत्या दवाखान्याला ती मान्यता द्यायची किंवा राहू द्यायची, हे तपासणाऱ्यांत त्याची नेमणूक झाली. तेव्हा त्यानं मला एक गंमत सांगितली. ‘‘खाटा, चादरी, रंगरंगोटी, सारं एका दिवसात उभं करता येते. मी आधी साबण पाहतो. कोऱ्या साबणावर कारखान्याची अक्षरं उठून दिसतात. मंग समजायचं, हा आपल्यासाठी ठेवला. कोणाले सांगू नको बे.’’ मी खरंच कोणाला सांगितलं नाही.

आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून हलण्याआधीची गोष्ट. गोंदियाच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी दुय्यम डॉक्टर होतो आणि तिथल्या तपासणीला नेमका माधव येणार होता. आमचे मोठे साहेब आठवड्यातून एकदा तोंड दाखवत. दोन शिकाऊ पोरं होती, ती टाके घालायला म्हाताऱ्या कंपाउंडरकडून शिकली. तपासणीच्या दिवशी रिकाम्या खाटांवर जवळच्या मुर्री गावची धडधाकट माणसं आणून निजवली. ती करामत साहेबांची. पण पहाटे नारळाच्या काथ्यानं अकरा कोऱ्या लाल साबणांवरची अक्षरं घासली, ती मी. मला कोणी सांगितलं नव्हतं.

माधव आला. पहिल्या बेसिनपाशी थांबला, साबण उचलून काथ्याच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. दुसऱ्याशी तेच, तिसऱ्याशी तेच. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. वॉर्डात त्यानं एका मुर्रीवाल्याला विचारलं, ‘‘काय होते तुले?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही होत जी. साहेबानं निजून राहा म्हटलं.’’ माधव हसला. मला वाटलं, निभावलं.

दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. माझ्या बायकोला म्हणाला, ‘‘वहिनी, इथं मी तपासनीस नाही हो. पाटोडीचा रस्सा वाढा.’’ आणि जेवता जेवता मला विचारलं, ‘‘या पोरायले शिकवते कोण?’’ मित्रानं विचारलं म्हणून मी सांगितलं. ‘‘कोणी नाही बे. कंपाउंडर शिकवते. साहेब येतच नाही. पण मी सुधारून राहिलो, एक साल दे.’’ तो खाली मान घालून ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘आणखी काही?’’ मी म्हटलं, ‘‘आणखी काय, भात घे.’’

महिन्याभरानं अहवाल आला. दवाखान्याची मान्यता काढून घेतली होती. ‘कोणी नाही, कंपाउंडर शिकवतो’ हे माझंच वाक्य अवतरणात, खाली माझा हुद्दा. दोन्ही पोरांचं वर्ष वाया गेलं. एक तर माझ्या ओसरीत बसून लहान मुलासारखा रडला. विश्वस्तांनी मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. माझ्या घरात, माझ्या पानावर जेवून त्यानं माझा गळा कापला, असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. पुढे एकदा गोंदिया स्टेशनवर तो भेटला. मी विचारलं, ‘‘काऊन केलंस असं?’’ म्हणाला, ‘‘तुले ठाऊक आहे,’’ आणि गाडीत चढला. मी त्याला माजलेला समजलो; तेच आमचं शेवटचं बोलणं.

गेल्या आठवड्यात नागपूरला कमलवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. निघताना त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, एक विचारू? साबण काऊन घासले होते तुम्ही?’’ मी पायात घातलेली चप्पल परत काढली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘हे म्हणत, साबणाची ती गोष्ट मी जगात एकालेच सांगितली होती. जेवताना वाटलं, आता सांगेल, मंग सांगेल. सगळ्यायचं सांगितलं त्यानं, आपलं नाही सांगितलं.’’

म्हणजे सात वर्षं तोही असाच जळत होता... माधव, पोरांचं वर्ष गेलं ते मी विसरणार नाही. तू मला तिथल्या तिथे शिव्या द्यायच्या होत्यास. भात टाकून उठायचं होतंस.

नागपूरहून आल्यावर दवाखान्यात नवा साबण काढला. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुतो. आज चौथा दिवस, अजून सगळी अक्षरं वाचता येतात.