रेशमानं बांधलेला दात

माझ्या बहिणीचा पुढचा दात माझ्यामुळं पडला. घरात मात्र मी वेगळंच सांगितलं.

वडगावातल्या आमच्या घरी दोन माग होते. एकावर आप्पा, म्हणजे वडील, बसायचे, दुसऱ्यावर मी. मला सतरावं लागलं होतं, बहीण तेरा वर्षांची. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि माझ्या मागावर धागा तुटला की जोडून द्यायची. लढाईमुळं सूत मिळेनासं झालं होतं, मिळायचं ते कच्चं. त्या सकाळी आप्पा सुताच्या रांगेत उभे राहायला गेले. दुपारच्या आत लुगडं विणून उतरव, असं मला बजावून. धागे सारखे तुटत होते. माझं डोकं तापलं होतं.

"अण्णा, थांब जरा. आणि एक जोडायचाय," मागावर वाकलेली बहीण म्हणाली.

मी ऐकलं. ऐकूनही धोट्याची दोरी ओढली. आडवा धागा नेणारा तो लाकडी धोटा तुटक्या धाग्यांत अडकून उसळला आणि त्याचं लोखंडी टोक तिच्या तोंडावर बसलं.

ती ओरडली नाही. तोंड धरून मटकन खाली बसली. बोटांतून रक्त गळू लागलं, तशी आई धावत आली.

"काय झालं रं?"

"मधेच वाकली ती," मी म्हणालो.

ओठ फाटला होता, वरचा दात जागेवर नव्हता. टांग्यात घालून आम्ही तिला शहापुरातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तोंडात पाहिलं आणि मलाच विचारलं, "दात कुठे आहे?"

"घरात पडला असंल."

"मग इथं काय उभा राहिलास? पळ! पुसू नकोस, ओल्या फडक्यात तसाच घेऊन ये."

मागाच्या खड्ड्यात उतरून मी धुळीत, सुताच्या गुंत्यात चाचपडत राहिलो. हाताला लागेल तो खडा दातच वाटायचा. शेवटी पायानं दाबायच्या पावडीखाली तो सापडला, मुळासकट.

डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यात धुऊन तो हिरडीत दाबून बसवला. आईनं तिचे हात घट्ट धरले होते. मग त्यांनी रेशमाच्या धाग्यानं तो शेजारच्या दातांना बांधला. "तीन आठवडे चावायचं नाही, बोलायचं नाही. धरला तर धरला."

ते तीन आठवडे मीच तिला पेज भरवली. तिला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक घोटाला ती माझ्याकडं बघायची, आणि मी वाटीत. तिनं लवकर बरं व्हावं असं वाटायचं, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघेल त्या दिवसाची धास्तीही वाटायची.

धागा काढायला आप्पाही आले होते. डॉक्टरांनी बोटानं दात हलवून पाहिला. घट्ट होता. "आता बोल बघू काहीतरी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला धीर धरवला नाही.

"आप्पा, ती थांब म्हणालीती. मी ऐकलं न्हाय."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागावर ते स्वतः बसले आणि कांड्या भरायचा रहाट माझ्यापुढं सरकवला. महिनाभर मी तेवढंच केलं.

दात वर्षभरात काळवंडला, पण टिकला. तसल्याच दातानिशी ती लग्न होऊन संकेश्वरला गेली. तोवर माझ्याशी बोलायची, भांडायची, हसायची सुद्धा. फक्त माझ्या मागावर धागा जोडायला ती पुन्हा कधी आली नाही. मीही तिला हाक मारली नाही.