पुलाखालची पंगत

आमच्याकडं काहीच साठत नाही बघा. तांदूळ आणला तसा संपतो, कपडा फाटेपर्यंत अंगावरच असतो. साठतात ते फक्त किस्से! त्यांना ना भाडं, ना वजन. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरच मला बघून बदली मागायला लागले. तेव्हा शुद्धलेखन सोडा, किस्सा धरा.

नाशकातल्या एका उड्डाणपुलाखाली आमची तीन बिऱ्हाडं, आणि चौथा मी सडाफटिंग. वयानं मोठा म्हणून सगळे ‘आबा’ म्हणतात आणि कुणी म्हणून माझं ऐकत नाही.

किस्से बहुतेक हिराबाईचे. ती पेठ तालुक्याकडची. नवरा लक्ष्मण, दोन पोरी. आधी त्यांची भाड्याची खोली होती. लक्ष्मण बांधकामावर परांचीवरून पडला, पाय मोडला, मजुरी थांबली. मग भाडं भरायचं की पीठ आणायचं? हिराबाईनं पीठ आणलं. मालकानं कुलूप आणलं!

त्यात थोरली मंगल बारा वर्षांची झाली. हिराबाईला एकच ध्यास लागला, आतून कडी लागेल अशी खोली पाहिजे.

*

आमची चूल एकच. नियम सोपा. ज्याला मजूर नाक्यावर काम मिळालं त्यानं तांदूळ-डाळ आणायची, ज्याला नाही मिळालं त्यानं सरपण. कोण काय आणतंय त्यावरून दिवस कळतो. विचारायचं नाही.

एकदा संध्याकाळी बघतो तर तिन्ही बिऱ्हाडांच्या डोक्यावर मोळ्या! तांदळाचा दाणा नाही. मी म्हटलं, “चला, वखार टाकू!”

हिराबाई म्हणाली, “आबा, जाळ मोठा करा. जेवाण नाय तर नाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटू दे आपल्याकडं लगीन हाय!”

*

रेशनचं धान्य मिळालं तर मजुरीतून भाडं सुटेल, असं हिराबाईचं गणित. कार्ड होतं. दुकानदारानं मशीनवर अंगठा ठेवायला सांगितलं. मशीन ‘नाही’ म्हणालं. मग दुसरा अंगठा, मग आठही बोटं. मशीन हट्टाला पेटलेलं!

दुकानदार वैतागला. “बाई, तुमचे ठसेच उठत नाहीत. गेले कुठं?”

“रोज सिमेंट कालवते दादा. त्या समोरच्या सात मजली बिल्डिंगीत हायत माझे ठसे. मशीन घेऊन चला, भिंतीला लावू!”

रांगेतली माणसं हसली, पण पिशवी रिकामीच परत आली. त्या दिवशी मीसुद्धा चेष्टा केली नाही. म्हणजे, फार केली नाही.

*

पितृपक्षात मात्र आमचा थाट असतो. खिचडी, जिलबी, पुरी-भाजी, गाडीमागून गाडी! कावळे नाही आले की लोक आमच्याकडं येतात.

एका दुपारी चौथी गाडी आली तेव्हा आमच्या पोटात पाण्याला जागा नव्हती. मी पुढं झालो. “साहेब, आज फुल्ल आहे. तुमचं बुधवारी आणा.”

“अहो, पण आजोबांची तिथी आज आहे!”

“आजोबांना विचारून बघा. ते थांबतील. बुधवारी आमच्या पोटाला जमणार नाही थांबायला.”

साहेब रागानं निघून गेले. लक्ष्मण मला म्हणाला, “आबा, घालवलंत ना!”

बुधवारी दुपारी तीच गाडी. साहेब पातेलं उतरवत म्हणाले, “आजोबा हो म्हणाले!”

*

एकदा सर्व्हेवाल्या मॅडम आल्या. “दिवसातून किती वेळा जेवता?”

हिराबाई ताठ मानेनं म्हणाली, “तीन वेळा.”

मला राहवतंय होय! म्हटलं, “लिहा मॅडम. एकदा सकाळी, मिळालं तर एकदा संध्याकाळी, आणि तिसऱ्यांदा तुमच्या कागदावर!”

मॅडम गेल्यावर हिराबाईनं मला फैलावर घेतलं. “मी खोली बघतेय आबा! उपाशी बाईला खोली कोण देईल? तुमच्या जिभेला हाड नाय!”

*

खोली बघायला ती मलाच सोबत घेऊन गेली. सासरा म्हणून. धुतलेली टोपी घातली होती मी. वाटेत तिनं दहा वेळा बजावलं, “तोंड उघडायचं नाय.”

घरमालकीण एकटी म्हातारी. तिनं नेमकं मलाच विचारलं, “आधी कुठं राहत होता?”

“मोठी जागा होती. चारी बाजूंनी हवेशीर, वर पक्का स्लॅब, दारासमोर हायवे.”

म्हातारीला पूल कळला. आम्ही परत आलो. हिराबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भात मात्र वाढायची, तोंड फिरवून, आणि रागाच्या भरात जरा जास्तच!

पुढं दुकानात डोळा बघणारं मशीन आलं. डोळे काही सिमेंटनं झिजले नव्हते! धान्य सुरू झालं. लक्ष्मणही काठी टेकत वॉचमन म्हणून लागला. हिराबाई पुन्हा त्याच म्हातारीकडं गेली, या वेळी एकटी.

म्हातारीनं विचारलं, “तो म्हातारा इथं राहायला येणार आहे?”

“नाय.”

“मग घे किल्ली.”

*

आता शेवटचा. पुलाखाली अतिक्रमणवाल्यांची गाडी येते. ती आली की भात शिजलेला असो वा कच्चा, हंडा तसाच उचलायचा आणि पळायचं. नाहीतर गाडीत चूल जाते, भांडी जातात, जेवणही जातं. कितीदा तरी अर्ध्या घासावरून उठलोय आम्ही.

हिराबाई खोलीत गेली त्याच संध्याकाळी मी तिथं पोचलो. दार बंद, कडी लावलेली. आतून भाताचा वास. मला हुक्की आली. काठीनं दार बडवलं आणि आवाज जाड करून ओरडलो, “ए, चला! उचला सामान! गाडी आलीय!”

आत भांडं खणकलं. कुणीतरी धडपडत उठल्याचा आवाज आला. मग एकदम सगळं शांत. मी तोंडावर हात दाबून उभा.

मग आतून हिराबाईचा आवाज आला. अगदी सावकाश.

“आमचं जेवाण चाललंय. थांबा बाहेर.”