टिनाची खोली आणि आत अडकलेला कूलर

आमच्या मुलीच्या सासूबाई पहिल्यांदाच अमरावतीला राहायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हौसेनं परसात कढीपत्ता तोडायला गेल्या. गवतात दाताळं उताणं पडलेलं होतं. चपलेसकट पाय त्याच्या दातांवर पडला, दांडा ताडकन उभा राहिला आणि विहीणबाईंच्या कपाळावर असा बसला की आवाज स्वयंपाकघरात आला. बाई फार सभ्य. "काही नाही हो, काही नाही," म्हणत राहिल्या. पण त्या मुक्कामातल्या प्रत्येक फोटोत त्यांचं टेंगूळ आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

त्या गेल्या तशी बायको दारात उभी राहिली. "अजी, हे फावडे, कुदळी, पायपा, खताचे पोते, सारं एका जागी पायजे. नाई तं पुढच्या वेळी पाहुण्याईले हेल्मेट द्या लागन."

मी बडनेऱ्याहून रेल्वेतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. हाताला काम नव्हतं आणि घरातली सगळी घड्याळं दुरुस्त करून झाली होती. मी लगेच जाहीर केलं की परसात टिनाची खोली बांधायची, आणि मिस्त्री न लावता स्वतः बांधायची. बायकोनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि अकोल्याला फोन लावला.

अकोल्याला तिचे मोठे भाऊ असतात. धान्याच्या अडतीवर त्यांचं आयुष्य गेलं. बांधकामाशी संबंध एवढाच की रस्त्यात कुठंही खड्डा खणलेला दिसला की ते थांबून पाहतात. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं हजर झाले, आणि नंतरचा प्रत्येक रविवार आमच्याकडेच. मला ते जवाईबुवा म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा मोठे, त्यामुळे त्या शब्दात मान किती आणि चेष्टा किती हे मला आजही कळलेलं नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही खांबांसाठी खड्डे घेतले. हात कोपरापर्यंत आत जाईल एवढे खणून मी कुदळ ठेवली. बायको तिकडे वांग्यांना पाणी देत होती. तिचं माहेर भाजीपाल्याचं, अकोल्याजवळच्या काळ्या रानातलं. तिथूनच म्हणाली, "मुरूम लागला का?"

"इथं काय विहीर खणून राह्यलो का?" मी म्हणालो. घाम आला होता, मेहुणे ऐकत होते, त्यामुळे आवाज जरा चढलाच. "आमचं काम चालू आहे नं? मधात बोलू नको."

"बरं," ती म्हणाली.

आम्ही खांब उभे केले, ओळंबा लावला, विटांचे तुकडे ठोकले, मागे सरकून बघितलं. चारही खांब सरळ. मेहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी तिनं वांग्यांना नेहमीसारखं पाणी सोडलं, ते काळ्या मातीत मुरत मुरत इकडे आलं, आणि सकाळी उठून पाहतो तर एक खांब शेजारच्या गुरुजींच्या भिंतीकडे झुकलेला, जणू त्यांना काही गुपित सांगतोय. मी बायकोकडे पाहिलं. ती परातीत मेथी निवडत होती.

"तुले माहीत होतं?"

"मले बोलू नको म्हणलं नं तुमी."

पुढचे काही दिवस मी मुरूम लागेपर्यंत खणत होतो. ती येता-जाता चहा ठेवून जायची, एक शब्द बोलायची नाही. त्या शांततेचं मला तेव्हा बरं वाटलं. नवराबायकोत नीट समजूत झाली, असं मी समजलो.

मग काम झपाट्यानं पुढे गेलं. वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेतला, खाली मुरूम आणि विटा टाकून सिमेंटचा कोबा केला. कोबा वाळला, आता वरची टिनं चढवायची. शिडी आमच्याकडे होती, पण ती मेहुण्यांच्या वजनाखाली कुरकुरायची. तेव्हा माझं लक्ष कूलरकडे गेलं. आमचा कूलर म्हणजे जुन्या धाटणीचा, लोखंडी, लग्नात मिळालेल्या कपाटाएवढा. तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पंखा सुरू झाला की घरातलं कॅलेंडर आडवं व्हायचं. थंडीत तो परसातच ताडपत्रीखाली असे. आम्ही दोघांनी तो ढकलत सांगाड्यात आणला, मधोमध उभा केला, त्यावर पाट ठेवला आणि त्यावर उभं राहून छत चढवलं. काय मजबूत होता! जराही हलला नाही.

छत झालं. मग बाजूची टिनं लावली, बाहेरून हुक आणि नटबोल्ट. मागची बाजू, डावी, उजवी. राहिला दरवाजा.

दरवाजा मला भंगार बाजारात सापडला आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. सागवानी, एकपाखी, पितळी कडी, वर कमळाचं कोरीव काम. कुणाच्या तरी देवघराचा असावा. ऑटोत आडवा घालून, स्वतः अर्धा बाहेर लटकत घरी आणला. बायकोनं त्यावरून हात फिरवला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग दरवाज्याकडे पाहिलं, मग खोलीत पाहिलं, आणि जरा थांबून म्हणाली, "लहान नाई वाटून राह्यला तुमाले?"

"फावडं काय आडवं नेते कोणी?"

"नाई, फावडं तं उभंच नेतात," ती म्हणाली आणि आत निघून गेली. जाताना पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं सिमेंटची धूळ लागली.

चौकट मी पक्की केली. दोन्ही बाजूंनी वीट, वर सिमेंट, तीन दिवस पाणी. मेहुण्यांनी अकोल्याहून कुणाच्या दुकानाचा उरलेला रंग आणला. डब्यावर लिहिलं होतं फिका गुलाबी, लागल्यावर तो बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी झाला. बडनेऱ्याहून येणाऱ्या रस्त्यावरूनही तो दिसतो, असं गुरुजी म्हणतात. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

उद्घाटनाला नारळ फोडला. गुरुजी आले, मेहुणे तर होतेच. मी दरवाजा उघडून अवजारं एकेक करून खिळ्यांना टांगली, पायपांची वेटोळी केली, आणि सगळ्यांना आत बोलावलं. आत आम्ही चौघं कूलरच्या भोवती, पोट आत घेऊन उभे. गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत आलेले. त्यांनी कूलरकडे पाहिलं. दरवाज्याकडे पाहिलं. पुन्हा कूलरकडे पाहिलं.

"हे बाहेर कसं काढसान?"

मेहुण्यांनी हाताची वीत करून कूलर मोजला, मग दरवाजा मोजला, आणि वीत हळूच खिशात घातली. बायको खोबऱ्याचा तुकडा चावत होती. तिचे खांदे हलत होते.

आता अशा वेळी माणसानं सरळ कबूल करावं. पण तिचे ते खांदे मला दिसत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर कायले काढाचा? इथंच राहाले पायजे तो. म्हणून तं आत ठेवून बांधलं. उन्हाळ्यात मी इथं वाचत बसणार आहे."

"टिनाच्या खोलीत?" गुरुजी.

"टिनाच्या खोलीत."

"मे महिन्यात?"

"कूलर आहे नं आत."

बायकोनं खोबरं गिळलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "चांगला बेत आहे. मंग घरात दुसरा कूलर पायजे."

होळी झाली आणि घरात नवीन प्लास्टिकचा कूलर आला. हलका, पांढरा, चाकांवरचा, आवाज नसलेला. मी मात्र दुपारचं जेवण झालं की उशी, पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन परसात जायचो, कारण बोललो होतो ना. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. टिनाला हात लावला की फोड यायचा. मी छतावर ओली पोती टाकली, टिनात कापलेल्या छोट्या खिडकीला पोतं लावलं, आणि कूलर सुरू केला की आत वादळ सुटायचं. पुस्तकाची पानं आपोआप उलटायची. एका कादंबरीची सुरुवात आणि शेवट मी त्या उन्हाळ्यात अनेकदा वाचला, मधलं मला अजून माहीत नाही.

आणि ती छळायची. बरोबर दोन वाजता, ऊन डोक्यावर असताना, वाफाळता चहा घेऊन यायची.

"वाचून राह्यले का?"

"हो."

"थंड वाटते?"

"मस्त."

"घ्या मंग, गरम गरम चहा घ्या," म्हणायची आणि मी तो पिऊन संपवेपर्यंत दारात उभी राहायची. रविवारी मेहुणे आले की तेही डोकावायचे. ते आतल्या खोलीत नव्या कूलरपुढे झोपून उठलेले असायचे, गालावर उशीची वळी. "जवाईबुवा, लय हिंमतीचे बाप्पा तुमी," म्हणायचे आणि परत आत जायचे.

एका दुपारी लाईन गेली. कूलर घरघरत थांबला. मी ठरवलं की थोडं थांबू, येईल. आली नाही. छतावरची पोती वाळली, टिनं तापून टण् टण् वाजायला लागली, आतलं खत आपला वास दाखवू लागलं. शेवटी कमळाचा दरवाजा ढकलून मी बाहेर पडलो तेव्हा माझा बनियन पिळून बादली भरली असती. बायको मागच्या पायरीवर लिंबाच्या सावलीत बसली होती. शेजारी पन्ह्याचे दोन पेले. म्हणजे ती माझीच वाट पाहत होती.

"या. लय वाचन झालं."

मी पन्हं एका दमात प्यायलो. मग दुसरा पेलाही प्यायलो. तो तिचा होता.

"अवं, मी ठरवून नव्हता ठेवला तो आत," मी म्हणालो.

"खरंच?" ती म्हणाली. "मले तं वाटलं तुमाले लहानपणापासून टिनात बसाची आवड आहे."

आणि मग ती जी हसायला लागली! पायरीवरून घसरली, डोळ्यांतून पाणी आलं, गुरुजी भिंतीवरून डोकावले आणि काय झालं हे न विचारताच तेही हसायला लागले. मला आधी राग आला. मग मलाही आवरेना.

"आता तो काढाचा कसा, ते सांग," मी विचारलं. "चौकट फोडावी लागते."

"चौकट कायले फोडता? पाना आणा."

ती मला खोलीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथलं एक टिन मोजक्या नटबोल्टांवर अडकवलेलं, मीच माझ्या हातानं बाहेरून कसलेलं. संध्याकाळी टिन निवल्यावर मी नट सैल केले, टिन उचलून भिंतीला टेकवलं, गुरुजींनी एका बाजूनं हात दिला आणि कूलर बाहेर आला. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

"हे तुले कधीपासून माहीत होतं?"

"तुमी नट कसत होते तवापासून. पन तुमी वाचत होते नं. मनलं, कायले मधात बोला."

मी मोकळ्या जागेतून पलीकडे पाहिलं. समोर तिचे वाफे होते, वांगी, चवळी, दोडक्याचा मांडव. त्या बाजूनं वाऱ्याची झुळूक सरळ आत येत होती, कूलर नसतानाही. आम्ही दोघं तिथंच कोब्यावर बसलो. टिन परत लावायचं कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तिकडे रुंद, दोन पाखांचा दरवाजा केला. साधा, पत्र्याचा. माप तिनं घेतलं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिलो आणि मधात बोललो नाही.

आता संध्याकाळी ती तिथं बसून भाजी निवडते, मी जवळ वेताच्या मोड्यावर बसलेला असतो. परवा चवळीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्या उन्हाळ्यात दुपारचं घर लय सुनं वाटे."

"मग बोलवायचं होतं नं मला आत."

"रोज दोन वाजता काय कराले येत होती मी?" ती म्हणाली, आणि सोललेल्या शेंगांची टोपली माझ्या मांडीवर ठेवून पाणी सोडायला गेली.