कानाने घेतलेली गाडी

साजिद मिस्त्री गाडी बघायच्या आधी ऐकायचा. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की तो हात वर करायचा, म्हणजे तुम्ही थांबा, तिला बोलू द्या. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. उमरखेडला महागाव रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. पत्र्याचं, दोन ट्रॅक्टर मावतील एवढं. साजिदने "साफ आहे" म्हटलं की ती गाडी साफ असायची. त्यावर तालुक्यात कोणी वाद घालत नसे.

हे नाव त्याने जिनिंगमध्ये कमावलं होतं. गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत तो चौदा वर्षं फिटर होता. चोवीस यंत्रं एका ओळीत चालायची, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडायची. त्या आवाजात माणसाचा शब्द माणसाला ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलत. दोन बोटं म्हणजे पट्टा सैल झाला. उघडा पंजा म्हणजे चालू. वर धरलेली मूठ म्हणजे बंद. आणि एक नियम होता. ज्याला खूण केली त्याने तीच खूण परत केल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. नाहीतर कोणाचं तरी बोट जायचं.

त्या गदारोळातून ऐकून साजिद खुणेने सांगायचा, सतरा नंबरचं बेअरिंग जातंय. उघडलं की तसंच निघायचं.

मग कापसाच्या मंदीचे ते दिवस आले. आधी रात्रपाळी बंद झाली, मग दिवसाची एक ओळ. दोन हजार चारच्या एका मंगळवारी, दुपारी, फोरमन डोमाजी मधल्या वाटेवर येऊन उभा राहिला आणि त्याने मूठ वर धरली. एकेक यंत्र थांबत गेलं. शेवटचं थांबलं तरी डोमाजीचा हात खाली आला नाही. कोणीच मूठ परत केली नव्हती. साजिदनेही नाही. माणसं नुसती उभी होती. थोड्या वेळाने डोमाजी तसाच, हात वर धरून, ऑफिसकडे चालत गेला.

त्या शांततेत साजिदच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. त्याला वाटलं, कानाला सवय नाही, जाईल.

ती गेली नाही.

वर्षभरात त्याच्या लक्षात आलं की बारीक आवाज एकेक करून गेले आहेत. जाड आवाज जागेवर होते. ट्रॅक्टर ऐकू यायचा, माणसं ऐकू यायची. म्हणून कोणाला कळलं नाही. एकदा तो ओसरीत बसला होता आणि हातभर अंतरावर कुकर शिट्ट्या देत करपला. त्याची बायको आरिफा मागच्या दारातून धावत आली.

"सुनो, दाल जल गई. तुम यहींच बैठे थे ना?"

"पेपर पढ रा था."

त्या दिवशी पेपर आला नव्हता. आरिफाने कुकर राखेने घासला आणि विषय सोडला.

डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर तपासणार, मग त्याला नाव देणार, आणि उमरखेडमध्ये नाव पायी फिरतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल. तो पेचकस टेकवत राहिला, डोळे मिटत राहिला. तालुक्यातली इंजिनं त्याने स्वतःच कधी ना कधी उघडलेली होती. धुराच्या वासावरून, हाताला बसणाऱ्या थरथरीवरून, आठवणीवरून तो सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. पण हे ऐकणं नव्हतं. ते त्याचं त्याला माहीत होतं.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात प्रेमसिंगचा कोइमतूरहून फोन आला. प्रेमसिंग ट्रक चालवायचा. ज्या जिनिंग अजून चालू होत्या त्यांच्या रुईच्या गठाणी तो कोइमतूरच्या गिरण्यांना पोचवायचा आणि बऱ्याचदा रिकामा परत यायचा. फोन गॅरेजशेजारच्या एसटीडी बूथवर आला.

"मिस्त्री, इथं एक गाडी पाह्यली. तुले आवडन."

"कशी हाये?"

"काय सांगू बाप्पा. दोनच दारं. लाल. पोट जमिनीले टेकून राह्यलं तिचं. अन् दिवेच नाईत. मी म्हटलं, आंधळी हाये का काय. तं म्हाताऱ्यानं बटन दाबलं, अन् बेडकाच्या डोळ्यावाणी दोन दिवे वर आले."

गाडी जपानी होती, शर्यतीच्या घडणीची, वीस वर्षांची. मालक रंगनाथन नावाचे सूतगिरणीतले निवृत्त इंजिनिअर होते. त्यांचे गुडघे गेले होते. त्या गाडीत त्यांना बसता येत होतं, उठता येत नव्हतं. भंगारवाल्याला द्यायची नाही, एखाद्या मिस्त्रीलाच द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

साजिदने दोन दिवस विचार केला. गाडीचा नव्हे. असं इंजिन त्याने कधी उघडलं नव्हतं, कधी पाहिलंही नव्हतं. इथे आठवण उपयोगाची नव्हती, वास येणार नव्हता, हात लावता येणार नव्हता. फक्त कान होता. तेराशे किलोमीटरवरून हे इंजिन ऐकता आलं, तर काही गेलेलं नाही. नाही आलं तर काय, इथपर्यंत तो गेला नाही.

चहाच्या टपरीवर त्याने सांगून टाकलं की तो फोनवर ऐकून गाडी घेतोय. तिथे विठ्ठलराव बसले होते. मोठी शेती, जुना ट्रॅक्टर, आणि साजिदशी हक्काने बोलणारे.

"लोकायचा कापूस घरात पडून हाये, अन् तू लाल गाडी आणून राह्यला?"

"तुमचा ट्रॅक्टर लाजन, म्हणून झाकून ठेवीन, विठ्ठलराव."

"त्यात बसाचं का निजाचं, ते तरी विचारून घे."

विठ्ठलरावांचा मुलगा अंकुर अमरावतीहून मराठीत एम.ए. होऊन आला होता आणि नोकरी लागेपर्यंत दुपारी गॅरेजात बसायचा. साजिद त्याला प्रोफेसर म्हणायचा. गॅरेजकडे परतताना अंकुरने विचारलं, "न पाहता काहून घेता, साजिदभाई?"

"प्रोफेसर, सोयरीक पाहून करतेत. गाडी ऐकून घेतेत."

ठरल्या वेळी तो बूथमध्ये शिरला आणि काचेचं दार ओढून घेतलं. रिसीव्हर डाव्या कानाला लावला. डावा त्यातल्या त्यात बरा होता. पलीकडे प्रेमसिंगने आपला मोबाइल रंगनाथनांच्या हातात दिला. त्यांनी तुटक हिंदीत सांगितलं की आता बॉनेट उघडतो, आता चालू करतो.

इंजिन सुरू झालं. भरीव, गोल आवाज. कुठे खाचखळगा नाही.

"रेस दीजिए," साजिद म्हणाला. आवाज चढला. "छोड दीजिए." आवाज उतरला. त्याने डोळे मिटले होते. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. त्याने तीनदा रेस द्यायला लावली. तिन्ही वेळा इंजिन तसंच चढलं आणि तसंच उतरलं.

"साफ है," तो म्हणाला. "ले लिया."

बूथचं दार उघडलं तेव्हा बाहेर चार-पाच जण उभे होते. तो हसला. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आरिफा त्याच्याकडे बघत राहिली.

जिनिंगमधून सुटताना मिळालेल्या पैशात गाडी झाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेमसिंग तिला ट्रकमध्ये घालून घेऊन आला. एवढी बुटकी गाडी उतरवायला तालुक्यात एकच जागा होती. बंद जिनिंगमधला गठाणी चढवायचा ओटा. चौकीदाराने फाटक उघडून दिलं. ओट्याच्या फटींतून गवत आलं होतं. ट्रकचा मागचा भाग ओट्याला लावला, दोन फळ्या टाकल्या, आणि आठ जणांनी हात देऊन गाडी बाहेर घेतली. निम्मी पेठ जमली होती. आरिफा फाटकाजवळ बायकांमध्ये उभी होती.

साजिदने बटण दाबलं. दिवे वर आले.

"जागी झाली," विठ्ठलराव म्हणाले. माणसं हसली.

मग त्याने किल्ली फिरवली, खाली उतरला, बॉनेट वर केलं आणि हात उचलला. सगळे गप्प झाले. पेचकस टेकवून तो बराच वेळ वाकून राहिला. फोनवर ऐकलेलाच आवाज होता. भरीव, गोल.

"साफ," तो म्हणाला.

एरवी या शब्दावर कोणीतरी मान हलवायचं. आज कोणी हलवली नाही. विठ्ठलरावांनी मान थोडी तिरपी केली होती. प्रेमसिंग चपलेने गवत दाबत होता. दोन पोरगे एकमेकांकडे बघून खाली बघू लागले. साजिदला वाटलं, गाडी नवलाची आहे, म्हणून असेल.

"काय झालं?"

"कुठं काय," प्रेमसिंग म्हणाला. त्याने खिशातून पाकीट काढलं. "म्हाताऱ्यानं कागद देल्ले. चिठ्ठी पण हाये. इंग्रजीत हाये."

साजिदने चिठ्ठी अंकुरकडे दिली. अंकुर मोठ्याने मराठी करून वाचू लागला. ऑइल कोणतं घालायचं. पावसात बाहेर ठेवू नका. रोज नाही, पण आठवड्याला चालवा. मग अंकुर थांबला. त्याचे डोळे पुढे दोन ओळी गेले, तोंड गेलं नाही. "तुमचा, रंगनाथन," तो म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

चौदा वर्षं हातांच्या खुणा वाचलेल्या माणसाला ते दिसलं.

तेवढ्यात आरिफा पुढे आली. गाडीभोवती एक फेरी मारली, लाल पत्र्यावरून पदराचं टोक फिरवलं आणि सहज म्हणाली, "ये मेरी सिलाई मशीन सरीका क्या बज रा इसमें? टिक टिक टिक."

कोणी हललं नाही. इंजिन चालू होतं.

"कहाँ?" साजिदने विचारलं.

एवढंच विचारलं. आणि विचारल्यावर त्याला कळलं की ओट्यावरच्या प्रत्येक माणसाला ते कुठे आहे हे माहीत आहे.

"नवी जागा हाये तिले," विठ्ठलराव घाईने म्हणाले. "बोलून राह्यली थोडी. जाईन." मग त्यांनी लोकांना हाकललं. "चला रे, कामं नाईत का तुमाले?"

ओटा रिकामा झाला. साजिदने इंजिन बंद केलं. अंकुर तिथेच उभा होता.

"वाच. सोडलेलं वाच."

अंकुरने घडी उघडली. "टॅपेट वाजतात. फोनवर तुमच्या कानाने ते धरलंच असेल. तरी लिहितो, नंतर मनात राहायला नको."

"हं."

"बारीक आवाज फोनवर येतच नाई, साजिदभाई. फोन खाऊन टाकते."

"आत्ता कुठं फोन होता?"

 अंकुरने चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट साजिदच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. का लावलं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

टॅपेट वाजणं, म्हणजे व्हॉल्व्हची फट वाढून टिकटिक होणं, हे काही मोठं दुखणं नाही. शिकाऊ माणूसही ते काढतो. साजिदने गाडी गॅरेजात नेली, दोन गतिरोधकांवर पोट घासलं, तेही त्याला पाठीतून कळलं. रात्री तो जेवला. झोपलाही. काही तुटल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

सकाळी इंजिन थंड होतं. त्याने वरचं झाकण काढलं. आठ व्हॉल्व्ह होते. एकेकाच्या फटीत त्याने मोजायची पातळ पत्ती सरकवली. पत्ती किती अडते हे बोटांना कळत होतं. तिसऱ्या आणि सहाव्याची फट जास्त होती. त्याने त्यांचे नट आवळले, झाकण बसवलं, आणि घराकडे निरोप धाडला.

आरिफा मशीनवरून उठून तशीच आली, गळ्यात टेप होता. गॅरेजात ती याआधी फक्त डबा घेऊन आली होती.

"यहाँ खडे रहो," तो म्हणाला. "मैं अंदर बैठ के चालू करता. बजा तो ऐसा." त्याने पंजा उघडा धरला. "बंद हुआ तो ऐसा." मूठ.

"मुँह से बोलूँ तो?"

"ऐसाच करो. और जब तक मैं वैसाच ना करूँ, हाथ नीचे नहीं लेना."

त्याने किल्ली फिरवली. बाजूच्या काचेपलीकडे आरिफाने मान वाकवली, आणि पंजा उघडा धरला. त्याने पंजा परत केला आणि इंजिन बंद केलं.

आता पुन्हा थंड व्हायला हवं होतं. दोघं दारातल्या टायरांवर बसली. रस्त्याने कापसाची एक गाडी गेली, अर्धी भरलेली.

"कब से?" तिने विचारलं.

"जिनिंग बंद हुई, तब से."

"मेरे को मालूम था."

"कुकर से?"

"उसके पहले. मेरी चूडियाँ बजी तो तुम मुंडी घुमाते थे. फिर घुमाना छोड दिए."

  गळ्यातला टेप काढून ती बोटाला गुंडाळत बसली, सोडत बसली. दुपारी त्याने बॉनेटला हात लावून बघितलं. झाकण पुन्हा काढलं. सहाव्याचा नट किंचित फिरला होता. बोटांना सापडला.

विठ्ठलराव ट्रॅक्टर घेऊन आले होते. ते रस्त्यावरच थांबले. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला आणि वर बसून राहिले.

साजिद गाडीत बसला. दार ओढून घेतलं. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, भरीव, गोल. कालच्यासारखंच. फोनवरच्यासारखंच. त्याला काहीही वेगळं ऐकू आलं नाही.

बाजूच्या काचेपलीकडे आरिफा वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग सरळ झाली आणि तिने मूठ वर धरली.

तो बघत राहिला. तिचा हात वर होता. मनगटावरून बांगड्या कोपराकडे घसरल्या. सांगितलं होतं तसं ती हात खाली घेत नव्हती, आणि बाजूला विठ्ठलराव बघत आहेत याचंही तिला काही वाटत नव्हतं.

साजिदने स्टिअरिंगवरचा हात सोडला. मूठ वळली आणि वर धरली.

तेव्हा आरिफाने हात खाली घेतला.