अकरा वेळा शेवटचा भाव

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी आंधळगावचा कोसा, म्हणजे टसर रेशमाचं कापड, सायकलच्या कॅरिअरला बांधून भंडाऱ्याच्या कचेऱ्यांमधून विकत फिरायचो. पुढे तोच कोसा मी पुण्याच्या दुकानापर्यंत नेला. कुणी हात धरून नेलं नाही. जे शिकलो ते सौद्यात शिकलो, आणि त्यातलं पहिलं हे की भाव सांगून झाला की गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो उतरतो.

पुण्याच्या दुकानाची मालकीण पहिल्याच भेटीत माझ्या या गप्प बसण्याला हसली होती. दोन चहा झाले तरी मी तोंड उघडलं नाही, शेवटी तीच वर आली. तेव्हापासून ती मला दादा म्हणू लागली. दरवर्षी तिची राखी पोस्टानं यायची. म्हणून पुढचं जास्त लागलं.

एका वर्षी तिनं कळवलं की दुकानात नवी कॉम्प्युटर व्यवस्था बसवली आहे, यापुढे भाव आणि नमुने ईमेलनंच पाठवा. मी करवती काठाच्या साडीचा फोटो जोडला, दिवाळीचा भाव लिहिला आणि विषयाच्या जागी टाकलं, ‘शेवटचा भाव’. उत्तर आलं नाही. मी मनात म्हटलं, माझीच विद्या माझ्यावर चालवते आहे.

आठ दिवस मीही गप्प बसलो. मग थोडा उतरलो आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा उत्तर नाही. असा उतरत गेलो.

इकडे आमचा विणकर रोज सकाळी माझ्या दारात उभा. त्याचे चार माग या एका ऑर्डरवर चालत.

“काय म्हणते जी पुणेवाली?”

“सौदा चालू आहे.”

“दोन माग रिकामे पडले. बायको कांड्या भरून बसली आहे. एक डाव फोन तं करून पाहा.”

“फोन केला का भाव पडते, भाऊ. आवाजातली गरज तिले लगेच समजते. चिठ्ठीत ते लपते.”

“मंग मी मागाले सांगू का, थांब बाबा, मालक लपून बसले आहेत?”

अकराव्या पत्रात मी जो भाव लिहिला त्यात विणकराची मजुरी तेवढी सुटत होती, माझं काहीच नव्हतं. त्यालाही उत्तर नाही आलं, तेव्हा डोकं फिरलं. नमुन्यांचं गाठोडं घेतलं आणि पुण्याची गाडी धरली.

“या दादा,” ती गल्ल्यावरून म्हणाली, “आठवण झाली म्हणायची.”

“आठवण? अकरा चिठ्ठ्या धाडल्या तुमाले. एकीचं उत्तर नाही. राखी धाडता अन् माणसाले असं टांगून ठेवता?”

“एकही आली नाही. मला वाटलं, गप्प बसून भाव वाढवताय. तुमचीच रीत ना ती?”

तिनं कॉम्प्युटरवरच्या बाईला बोलावलं. त्या बाईनं कुठलासा कप्पा उघडला. लॉटरीची बक्षिसं आणि केस उगवणारी तेलं, त्यांच्यामध्ये माझी पत्रं पडलेली होती.

“मशीननंच अडवलीत,” बाई म्हणाली. “दर वेळी तोच फोटो, आणि दर वेळी शेवटचा भाव. तेलवालेही असंच लिहितात, काका.”

“दादा, शेवटचा भाव अकरा वेळा?” मालकीण हसली. मलाही हसू आलं. अर्धा राग तिथंच उतरला, आणि मी बेसावध झालो.

मला वाटलं, आता ती पहिलं पत्र वाचेल. पण त्या मशीनमध्ये शेवटचं पत्र सगळ्यात वर असतं. ती वरून खाली सगळी वाचत गेली, मग चष्मा काढून ठेवला आणि गप्प बसली. ते गप्प बसणं मी ओळखलं. एक चहा झाला. दुसरा आला.

“वरच्या पत्रातला भाव मला मान्य आहे,” ती म्हणाली.

“ताई, तुमच्यापर्यंत तं एकही चिठ्ठी पोचली नव्हती. मी एकटाच सौदा करून राहिलो होतो. पहिली चिठ्ठी धरा.”

“पण लिहिलंत तुम्हीच ना? शेवटचा भाव.”

मशीननं मला भामटा ठरवलं, त्याचं मला काही नाही. ते मला ओळखत नव्हतं. ही ओळखत होती. मी किती वाट पाहिली, कसा पायरी पायरीनं खाली आलो, सगळं तिनं एका बैठकीत वाचलं आणि सगळ्यात खालची पायरी धरली. उठून यावंसं वाटलं. पण चार माग डोळ्यांपुढे होते. मी ऑर्डर घेतली. त्यानंतरच्या राख्या मी पाकिटातून काढल्या नाहीत.

गावात उतरलो तेव्हा विणकर बसस्टँडवरच भेटला. ऑर्डरचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं आधी नग किती ते पाहिलं, आणि मग विचारलं, “भाव काय मिळाला जी?”

मी पहिल्या पत्रातला भाव सांगितला.